वाचक विचारतात: ही गोष्ट आली कुठून?

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांनी विचारलंय, 'ही गोष्ट किती जुनी?' आम्ही सुचवू की आधी तो प्रश्न बदला. 'ही गोष्ट केव्हापासून सांगतात याचा पुरावा कुठवर मागे जातो, आणि तिच्यातला कोणता तुकडा केव्हा आला?' असं विचारलं, की कामाला सुरुवात करता येते.

प्रश्न: मी प्राथमिक शाळेत शिकवते. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही गोष्ट सांगितल्यावर वर्गातली एक बंगाली मुलगी म्हणाली, 'ही तर आमच्या आजीची गोष्ट.' मग ही मुळात कुणाची? शोधायचं कसं? (शिक्षिका, डोंबिवली)

मुलगी खरं बोलली. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० सालच्या 'टुनटुनीर बोई' या बंगाली गोष्टींच्या पुस्तकात एक कुबडी म्हातारी आहे. तीही परतीच्या वाटेवर भोपळ्यात बसून गडगडत येते आणि शेवटी तिची कुत्री तिला सोडवतात. पंजाबात फ्लोरा ॲनी स्टील आणि रिचर्ड टेम्पल यांनी १८८४ मध्ये छापलेल्या गोष्टीत म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे जातं, खाऊनपिऊन गुबगुबीत होतं आणि मेलेल्या भावाच्या कातड्याचं ढोलकं करून त्यात बसून परत येतं. इराणमध्ये म्हातारी लेकीकडेच निघते. वाटेत लांडगा, वाघ, सिंह भेटतात आणि येताना ती भोपळ्यात बसते. फारसीत भोपळ्याला 'कदू' म्हणतात. हिंदीतला 'कद्दू' तिथूनच आलेला.

आता काम. एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. प्रत्येक पाठाला, म्हणजे गोष्टीच्या प्रत्येक रूपाला, एक ओळ. रकाने असे: कोण निघतं, कुणाकडे, वाटेत कोण अडवतं आणि कोणत्या क्रमाने, सुटण्यासाठी काय वचन दिलं, परत येताना कशात बसून, त्या वेळचं गाणं (शब्दशः), कोण ओळखतं, शेवट काय, सांगणाऱ्याचं गाव, आणि नोंदीचं वर्ष. दहा-बारा पाठ भरले की तक्त्यातच दिसू लागेल काय हलतं आणि काय हलत नाही. प्राणी बदलतात, शेवट बदलतो, वाहनसुद्धा बदलतं. पण 'आधी लठ्ठ होऊन येते, मग खा' हे वचन, गडगडणारं किंवा वाजणारं वाहन आणि वाहनाला उद्देशून म्हटलेलं गाणं ही तीन हाडं सगळीकडे सापडतात. हा झाला गोष्टीचा सांगाडा, आणि तो कुणा एकाच्या मालकीचा नाही.

गाण्याकडे मात्र जवळून बघा. 'म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक.' ठाऊक–टुणूक हे यमक फक्त मराठीतच जुळतं. शिवाय गोल भोपळा खरं तर गडगडायला हवा. बंगालीत तो 'गडगड'च करतो. आपला भोपळा उड्या मारतो, कारण 'टुणूक' हा मराठी कानाला उडीचाच आवाज आहे. म्हणजे सांगाडा कुठूनही आला असो, हे गाणं भाषांतर होऊन आलेलं नाही, ते मराठी घरातच जुळलं. गोष्टीचं मूळ शोधताना असे यमकात अडकलेले शब्द सगळ्यांत उपयोगी पडतात. गद्य सहज भाषा ओलांडतं, पण यमक सीमेवरच अडतं.

इतर भाषांतले पाठ शोधायला कथाप्रकारांची सूची वापरा. फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी ती १९१० मध्ये सुरू केली, स्टिथ थॉम्पसन यांनी वाढवली आणि हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये नव्याने मांडली. भारतीय तोंडी कथांसाठी थॉम्पसन आणि रॉबर्ट्स यांची १९६० ची वेगळी सूची आहे. भोपळ्याची गोष्ट १२२एफ या क्रमांकाखाली येते. सूचीत शीर्षकावरून शोधू नका, कृतीवरून शोधा. 'म्हातारी', 'भोपळा' असे शब्द घेऊन बसलात तर हाताला काही लागणार नाही. 'पकडलेला प्राणी लठ्ठ होईपर्यंत थांबायला सांगतो' असं शोधलंत की लगेच लागेल.

दोन चुका हमखास होतात. पहिली, १८८४ हे १९१० च्या आधीचं, म्हणून गोष्ट पंजाबातून बंगालात गेली असं मानणं. या तारखा गोष्टीच्या नाहीत, वही-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाच्या आहेत. दुसरी चूक वर्गातच होईल. दहा मुलांनी दहा पाठ सांगितले आणि नऊ जणांनी एकच चित्रमय पुस्तक वाचलेलं असलं, तर तुमच्याकडे दोनच पाठ आहेत. म्हणून 'कुणी सांगितली?' हा प्रश्न आधी विचारा आणि पुस्तकाचे पाठ तक्त्यात वेगळ्या शाईने लिहा.

प्रश्न: चिऊ-काऊची गोष्ट तरी आपली जुनी आहे ना? (वाचक, परभणी)

आहे, आणि तिला चांगला जुना पुरावा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामी ही गोष्ट सांगतात. कावळ्याचं घर शेणाचं हे तिथेही आहे, पण मेणाचं घर चिमणीचं नाही, साळई या पक्षिणीचं आहे. म्हणून जुन्या ग्रंथात 'चिमणी' शोधलीत तर हाती काहीच येणार नाही. 'साळै', 'काउळा' अशी जुनी रूपं शोधावी लागतात. आणि हा पुरावा 'तेव्हा गोष्ट होती' एवढंच सांगतो. लिहिली गेली तेव्हा ती लेकरांना माहीत असण्याइतकी रुळलेली होती, म्हणजे जन्म त्याच्याही मागे कुठेतरी.

प्रश्न: तानाजींनी घोरपड लावून सिंहगड घेतला ही गोष्ट खरी की नंतरची? काही जण म्हणतात घोरपड म्हणजे दोरीची शिडी. (महाविद्यालयीन विद्यार्थी, भोर)

'खरी की खोटी' ही चाळणी इथे अपुरी पडते. कोणता तपशील कोणत्या साधनात पहिल्यांदा दिसतो ते लावून बघू.

घटना फेब्रुवारी १६७० ची. कृष्णाजी अनंत सभासद यांनी राजाराम महाराजांसाठी जिंजीला बखर लिहिली ती १६९७ मध्ये, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, घटना आठवणारी माणसं हयात असताना. तिच्यात काय आहे? दोन मर्द मावळे निवडून रात्री कड्यावरून चढवले, ते वानरासारखे चपळाईने चढले, वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि बाकीचे त्यावरून चढले. तानाजी आणि उदेभान दोघेही पडले, सूर्याजीने लोक सावरले. गड घेतल्यावर पागेच्या खणांना आग लावली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. महाराजांच्या तोंडचं वाक्य आहे, 'एक गड घेतला, परंतु एक गड गेला.' या वर्णनात घोरपड नाही, शेलारमामा नाहीत, रायबाचं लग्न नाही.

हे तिन्ही तपशील येतात तुळशीदास शाहिराच्या नावावरच्या पोवाड्यात. गोंधळ्यांच्या तोंडून मिळवलेले असे पोवाडे ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापले. पोवाड्यात पेटाऱ्यातून यशवंती घोरपड काढतात, ती चढायला नकार देते, तानाजी तिला दरडावतो. अपशकुन होऊनही वीर मागे फिरत नाही, हा प्रसंग श्रोत्यांसमोर उभा करायला शाहिराला घोरपड हवीच होती. कडा चढणाऱ्या दोन माणसांची नावं बखरीने दिली नव्हती. त्या मोकळ्या जागेत घोरपड आली.

मग ती आली कुठून? तपासाची ही खरी रंगतदार पायरी. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की बहमनी काळात त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या साह्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, सर केला आणि त्यावरून आडनाव पडलं. म्हणजे 'घोरपड लावून गड घेणे' हा तुकडा सिंहगडाला बांधलेला नाही, तो एका गडावरून दुसऱ्या गडावर जाणारा आहे. असा फिरता तुकडा सापडला की तो एकाच घटनेची आठवण असण्याची शक्यता फार कमी होते.

'गड आला पण सिंह गेला' आणि त्यावरून सिंहगड हे नाव, हेही असंच तपासा. १६६३ च्या एप्रिलमधल्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. बखरीतलं वाक्य 'गड घेतला, गड गेला' असं होतं. त्यात 'सिंह' नंतर शिरला आणि हरी नारायण आपटे यांच्या कादंबरीच्या नावाने ते रूप घराघरांत पोचलं.

आता दोरीच्या शिडीबद्दल. हा अर्थ आम्हाला मान्य नाही. चमत्कार पटत नाही म्हणून त्याचं 'शहाणं' भाषांतर करणं, म्हणजे एक नवी दंतकथा जन्माला घालणं. शिडीसाठी घोरपडीचा अर्थ वाकवायची गरजच नाही, सभासदाची 'माळ' समोर आहे. घोरपडीला पोवाड्यात राहू द्या. तिथे तिला अर्थ आहे.

प्रश्न: आमच्या गावाबाहेर 'कुत्र्याची समाधी' आहे. लमाणाने सावकाराकडे कुत्रा गहाण ठेवला, त्याने चोरी पकडून दिली, सावकाराने गळ्यात चिठ्ठी बांधून परत पाठवला, लमाणाला वाटलं पळून आला, त्याने मारला आणि मग चिठ्ठी दिसली. हा इतिहास आहे का? (ग्रामपंचायत सदस्य, मराठवाडा)

हीच गोष्ट भारतात अनेक ठिकाणी, आपापल्या दगडाकडे बोट दाखवून सांगतात. छत्तीसगडमधल्या बालोद जिल्ह्यात खपरीचं कुकुरदेव मंदिर आहे, तिथेही लमाण, सावकार आणि चिठ्ठीच आहे. 'उतावीळपणे इमानी प्राण्याला मारणं' हा यामागचा गाभा. त्याचं सर्वांत नावाजलेलं रूप पंचतंत्रात आहे: मुंगसाच्या तोंडाला रक्त पाहून बाळाची आई त्याला मारते आणि मग पाळण्याजवळ मेलेला साप दिसतो. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या बुर्झोयने पहलवी या तिथल्या जुन्या भाषेत नेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत आणलं, तिथून युरोपात गेलं. तिकडे मुंगसाचा कुत्रा झाला. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्योंजवळचे लोक अशाच मारल्या गेलेल्या गिनफोर्ट नावाच्या कुत्र्याला संत मानून आजारी लेकरं त्याच्याकडे नेत, आणि स्टीफन ऑफ बूर्बों या धर्मगुरूने ते बंद पाडल्याची नोंद आहे. वेल्समध्ये बेडगेलर्टला तर गेलर्ट कुत्र्याची कबरच दाखवतात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्याने प्रवाशांसाठी उभारली असं मानतात.

म्हणून समाधी आहे यावरून गोष्ट घडली असं ठरत नाही. अनेकदा दगड आधी असतो आणि गोष्ट नंतर येऊन त्यावर बसते. तुमच्या समाधीवर शेंदराचे थर असतील तर ते खरवडू नका, चुना-पीठही फासू नका. सूर्य मावळताना, किंवा अंधारात बाजूने जवळजवळ जमिनीला समांतर विजेरी धरून फोटो काढा. तिरक्या उजेडात झिजलेलं कोरीव काम उठून दिसतं, समोरून फ्लॅश मारला तर पुसट होतं. शेजारी मोजपट्टी ठेवा. तीन-चार आडवे कप्पे दिसले, खाली लढाई किंवा गाई, वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य, तर तो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड आहे. तो खालून वर वाचायचा. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असला तर सतीशिळा. दोन्हींपैकी काहीच नसून साधा चौथरा असला, तर जमिनीचे कागद बघा: त्या जागेला इनाम होतं का, कुणाच्या नावे, कशासाठी. जुनी इनामपत्रं बहुतेक मोडीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधी गाठा.

शिवाय गावातल्या तांड्यावर जा. लमाणांचे बैल मीठ आणि धान्य घेऊन ज्या वाटांनी जात त्या वाटांवरची गावं आणि या गोष्टीची गावं एका नकाशावर मांडून बघण्यासारखी आहेत. आणि त्यांच्याकडे हीच गोष्ट कुत्र्याच्या बाजूने सांगतात की सावकाराच्या, ते ऐका. गावात आणि तांड्यावर शेवट वेगळा निघाला, तर तो फरक कोणत्याही दगडाइतका मोलाचा पुरावा आहे.

प्रश्न: आमच्याकडचं जुनं मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं आणि कोंबडा आरवला म्हणून अपुरं राहिलं असं सांगतात. अशा कथांना काही आधार? (वाचक, ठाणे जिल्हा)

अंबरनाथच्या शिवमंदिराबद्दल हेच सांगतात, आणि तिथे शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारांचा लेख आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे आणि डोंगराचं नाव 'तिरण्हु' दिलंय. पांडवांचा पत्ता नाही. मग लोक खोटं बोलत होते का? नाही. ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेपने उलगडली १८३७ मध्ये. त्याआधी कित्येक शतकं भिंतीवरची अक्षरं समोर असूनही कुणाला वाचता येत नव्हती. करणारा विसरला गेला आणि काम माणसाच्या हातचं वाटत नव्हतं, म्हणून वनवासातले पांडव आले.

अशी कथा ऐकली की विचारा: ती डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्या गोष्टीचं उत्तर देते? कोंबडा बहुधा अपुऱ्या किंवा ढासळलेल्या शिखराचं उत्तर असतो. 'हेमाडपंती' या शब्दालाही हीच कसोटी लावा. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथ त्याच्या दोनशे वर्षं आधीचं.

प्रश्न: आजी ८४ वर्षांची आहे. तिच्या गोष्टी जपायच्या आहेत. नेमकं काय करू? (वाचक, कणकवली)

या आठवड्यातच सुरू करा. ग्रंथ पुढच्या वर्षीही तिथेच असतील.

फोन चालेल, पण ध्वनिमुद्रण 'वेव्ह' (.wav) स्वरूपात ठेवा. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, टॉवेलच्या घडीवर ठेवा. टेबलावर ठेवलात तर कपबशीचा प्रत्येक आवाज येतो. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि सांगणारीचं नाव बोलून घ्या, आणि पुढे कुणाला ऐकवायचं का याची परवानगी तिथेच तिच्या आवाजात. फाइलची प्रत त्याच दिवशी दुसऱ्या जागी.

'किती जुनी गोष्ट?' असं विचारू नका. 'पूर्वीपासून' एवढंच उत्तर येईल. 'कुणाकडून ऐकलीस? तेव्हा कुठे राहत होतीस? काय काम चाललं होतं?' असं विचारा. जात्यावर, लावणीला, काजू सोलताना, श्रावणात पूजेनंतर, या आठवणींतून वर्ष आपोआप जवळ येतं. आणि आजीचं माहेर लिहायला विसरू नका. पुष्कळ संग्रहांत गोष्टीखाली सासरचं गाव पडतं, आणि पुढे नकाशा काढणारा चुकीच्या तालुक्यात शोधत बसतो. घरात मुलांना गोष्टी सांगतात त्या बहुतेक बायका, आणि त्यांच्याबरोबर गोष्ट लग्न होऊन नव्या गावी येते. आजीच्या आईचं माहेरही विचारा, मिळालं तर सोनं.

मध्ये तोडू नका, 'तसं नाही, असं आहे' तर मुळीच नको. आजी एखादं नाव चुकली असं वाटलं तरी तसंच राहू द्या, तोच कदाचित जुना पाठ असेल. तीन-चार आठवड्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायला सांगा. दोन्ही वेळी अक्षरशः तसेच आलेले शब्द तिच्याही ताब्यातले नसतात, ते तिला मिळालेले असतात. बदललेले शब्द तिचे स्वतःचे.

छापील पुस्तकातून आलेली गोष्ट ओळखायची एक खूण: बोलीतून बोलता बोलता मध्येच प्रमाण मराठीतलं सबंध वाक्य येतं. 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' हा शेवट आला तर व्रतकथेची छापील पोथी घरात होती का ते विचारा. पोथी असेल तर तिचीही छपाईची तारीख टिपा.

उतरवून काढताना बोली सुधारू नका. 'इलंय', 'गेलंय', 'व्हयती' जसं ऐकलं तसं. दहा मिनिटांच्या मुद्रणाला निदान तासभर धरून चाला आणि आठवड्याच्या आत उतरवा, कारण कुठे आजी हसली, कुठे तिने हाताने साप दाखवला, हे फाइलमध्ये नसतं आणि तुम्हालाही महिनाभरात आठवणार नाही. ते चौकोनी कंसात तिथल्या तिथे लिहा: [हात वर करून], [इथे थांबली].